व्हायोलिनचं वेड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, नाट्यगृहाच्या मध्यंतरात आणि आता तर घरातही मला ठरावीक प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी समीक्षक नाही, संगीताची पदवीही नाही. ऐकत आलोय, एवढंच. ‘शास्त्रीय’ म्हणताना मला हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य ही दोन्ही संगीतं अभिप्रेत आहेत. कर्नाटक संगीतही मधूनमधून डोकावेल, कारण व्हायोलिनबद्दल बोलताना त्याला टाळणं शक्यच नाही.

तुम्ही स्वतः वाजवता का?

नाही. क्रिकेट बघणाऱ्याला कुणी ‘तुम्ही रणजी खेळलात का?’ असं विचारत नाही. मला मात्र हा प्रश्न पहिल्या दोन मिनिटांत येतो.

इतकी वाद्यं असताना व्हायोलिनच का?

सतार, सरोद, संतूर, पियानो ही सगळी मला आवडतात. पण त्यांचा सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. वादक कितीही मोठा असो, छेडलेली तार मंदावत जाणारच. गजाचं, म्हणजे तारेवर घासत फिरवतात त्या केसांच्या काठीचं, तसं नसतं. गज तारेवर फिरतोय तोवर सूर वादकाच्या ताब्यात राहतो. तो बारीक सुरू करून फुगवता येतो, भर आवाजातून अचानक कुजबुजीवर आणता येतो, थबकवून पुन्हा उचलता येतो. बासरी आणि शहनाईतही सूर टिकतो, पण तिथे दमाला मर्यादा असते. इथे गज टोकाला पोचला की उलटा फिरतो. हे वळण चांगल्या वादकाकडे इतकं गुपचूप होतं की डोळे मिटले तर कळतही नाही.

म्हणून माझं ठाम मत असं की व्हायोलिन हे उजव्या हाताचं वाद्य आहे. टाळ्या डाव्या हाताला मिळतात, कारण बोटांची पळापळ दिसते. सूर कोणता ते डावा हात ठरवतो. त्या सुराने काय बोलायचं, ते गज ठरवतो. यापुढची बरीचशी उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरणार आहेत, आधीच सांगून ठेवतो.

व्हायोलिन म्हणजे रडकं वाद्य ना?

हा समज सिनेमाने पसरवला. पडद्यावर नायकाची आई खोकायला लागली की व्हायोलिनांचा अख्खा ताफा एकदम हुंदके द्यायला लागतो. त्यात वाद्याचा काय दोष?

पं. व्ही. जी. जोग ऐका. गजाचे छोटे छोटे फटकारे, लयीशी चाललेली मस्करी, तबलजीला डिवचून समेवर सहज येऊन बसणं. उस्ताद बिस्मिल्ला खाँ आणि त्यांची जुगलबंदी ऐकताना दोन मिश्कील माणसं गप्पा मारताहेत असं वाटतं. किंवा जर्मन संगीतकार मेंडेल्सनच्या ई मायनर कॉन्चेर्टोचा (एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) शेवटचा भाग लावा. त्यात रडायला कुणाला सवडच नाही.

सिनेमातली व्हायोलिनं तुम्हाला आवडत नाहीत, असं समजायचं का?

मुळीच नाही. ती वाजवणारी माणसं अव्वल होती. त्यांतले कितीतरी गोव्याचे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आली आणि नोटेशन बघून पहिल्याच वाचनात वाजवू लागली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1958 साली गोन्साल्विस यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. बहुतेकांना ते नाव फक्त ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे माहीत असतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

हे तर परदेशी वाद्य. ते आपल्या संगीतात कसं काय बसलं?

दोनशे वर्षं झाली बसून. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर (1786–1858) यांनी मद्रासकडे युरोपियन व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणलं. तंजावरच्या चार भावांपैकी वडिवेलूंचंही नाव यात घेतलं जातं. आज दक्षिणेत व्हायोलिनच्या साथीशिवाय गाण्याची कच्चेरी कल्पनेतही येत नाही. गजाने वाजणारं वाद्य आपल्याला नवीन नव्हतंच. सारंगी होती, रावणहत्था होता.

खरा बदल बसण्यात झाला. युरोपात वादक उभा राहतो किंवा खुर्चीवर बसतो आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरतो. आपल्याकडे तो मांडी घालतो, व्हायोलिनचा एक भाग छातीला टेकवतो आणि गोगलगाईसारखं वळलेलं दुसरं टोक उजव्या घोट्याजवळ पायावर ठेवतो. वाद्य असं दोन्हीकडून टेकलं की त्याला सावरायचं काम डाव्या हाताकडे उरत नाही. तो तारेवर वरखाली मोकळा फिरतो आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघते. तारा लावण्याची पद्धतही बदलली. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. आपल्याकडे दक्षिणेत सा-प-सा-प असं लावतात, उत्तरेत त्याखेरीज आणखीही पद्धती आहेत. लाकूड तेच, पण वाद्य जवळजवळ वेगळं झालं.

पडदे नसताना सूर नेमका सापडतो कसा?

कानाने, आणि बोटांना लागलेल्या सवयीने. हे किती अवघड आहे ते आकड्यांत सांगतो. व्हायोलिनच्या तारेचा वाजणारा भाग सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर. तारेच्या वरच्या टोकाजवळ षड्ज (सा) ते कोमल रिषभ (रे) हे अंतर पावणेदोन ते दोन सेंटिमीटर पडतं, आणि सप्तकभर वर गेलं की त्याच्या निम्मं. आता शुद्ध रिषभाच्या दोन जागा घ्या, एक किंचित चढी, एक किंचित उतरी. त्यांच्यात चार मिलिमीटरसुद्धा नीट भरत नाहीत. बोटाचं टोक त्याहून कितीतरी रुंद असतं. म्हणजे बोट जागेवरून हलवायचंही नाही, फक्त थोडं कलवायचं.

हीच अडचण दरबारीच्या गंधारात वरदान ठरते. तो गंधार एका जागी बसत नाही, आंदोलित होत राहतो. पेटीवर तो वाजवताच येत नाही. व्हायोलिनवर बोट सरकत राहतं, खाली गज संथ चालू असतो, आणि गंधार कुठे संपला, रिषभ कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

व्ही. जी. जोग आणि प्रभाकर जोग एकच का?

नाही. हा गोंधळ इतक्या वेळा होतो की याचा फलक करून गळ्यात घालावा असं वाटतं. पं. विष्णु गोविंद जोग 1922 साली जन्मले आणि 2004 साली कोलकात्यात वारले. श्रीकृष्ण रातंजनकर आणि बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकलेले, रागसंगीतातले मोठे एकल वादक. 1983 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. प्रभाकर जोग हे सुधीर फडक्यांचे सहायक, गीतरामायणाच्या साथीतले वादक आणि संगीतकार. मराठी गाण्यांचे शब्द ऐकू यावेत असं व्हायोलिन वाजवणारे ते हेच. त्यांचं निधन 2021 साली पुण्यात झालं. दोघांचेही चाहते एकमेकांवर थोडे नाराज असतात. मी दोघांचा आहे.

‘गायकी अंग’ म्हणतात ते काय असतं?

तंतुवाद्याची स्वतःची एक चाल असते. आलाप, जोड, झाला, मग गत. गायकी अंगाचा वादक ती बाजूला ठेवून ख्याल गाइल्यासारखा वाजवतो. बंदिशीचा मुखडा, बढत, बोलांचे आघात, ताना हे सगळं गळ्यातून यावं तसं. इथे गज निर्णायक ठरतो. गाताना ‘पिया’ या शब्दात दोन अक्षरं असतात, पण श्वास एक असतो. वादकाने ते दोन स्वर दोन वेगळ्या गजांत वाजवले तर शब्द तुटतो. एकाच गजात घेऊन मधे नुसता दाब बदलला, तर ‘पि’ आणि ‘या’ वेगळे ऐकू येतात. कुठे गज बदलायचा हे ज्याला शब्द माहीत आहेत त्यालाच कळतं.

डॉ. एन. राजम यांनी हे टोकाला नेलं. घराणं कर्नाटक संगीताचं, वडील ए. नारायण अय्यर हे गुरू, भाऊ टी. एन. कृष्णन कर्नाटक व्हायोलिनमधले दिग्गज. त्या मात्र ख्यालगायक पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे गेल्या, बनारस हिंदू विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं आणि ओंकारनाथांचं नाट्य गजात उतरवलं. त्यांची मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याही वाजवतात. आजी, मुलगी, नाती अशा तीन पिढ्या एका मंचावर बसतात तेव्हा कुणाचा गज कुणावर गेलाय हे शोधण्यात माझा अर्धा आलाप निसटतो.

महाराष्ट्रात ही वाट आधीपासून होती. औंध संस्थानचे गवई अंतुबुवा जोशी यांचे चिरंजीव पं. गजाननबुवा जोशी (1911–1987) गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, आणि दोन्हीत ते अधिकारी होते. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम त्यांना मिळाली. उल्हास कशाळकर त्यांच्याकडे गाणं शिकले, तर गोव्याचे श्रीधर पार्सेकर व्हायोलिन. पार्सेकरांची जुनी ध्वनिमुद्रणं सापडली तर सोडू नका. खरखरीतून वाट काढत ऐकावी लागतात, पण त्यांत एक बेफिकिरी आहे जी मला नंतर फारशी कुणात दिसली नाही.

आणि पं. डी. के. दातार. दत्तात्रय विष्णू पलुसकरांच्या गाण्याच्या सहवासात घडलेले, 2018 साली गेलेले. माझ्या मते हिंदुस्थानी व्हायोलिनमधला सगळ्यात मऊ गज त्यांचा. जोगांच्या गजात खटका आहे, राजम यांच्या गजात अभिनय आहे. दातारांचा गज मात्र कुठे सुरू होतो तेच ऐकू येत नाही. मोठ्या सभागृहात ते थोडे दुरून आल्यासारखे वाटत असणार, पण रात्री घरी आवाज बारीक करून ऐकायला त्यांच्यासारखं कुणी नाही.

सारंगी आणि हार्मोनियम असताना साथीला व्हायोलिन कशाला?

पेटीला मींड नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 या काळात पेटीवर बंदी घातली होती ती याच कारणाने. ती बंदी मला अतिरेकी वाटते, पण तक्रार खरी होती. सारंगीला मींड आहे आणि तिचा आवाज गळ्याच्या सर्वांत जवळचा, हे मी व्हायोलिनवेडा असूनही मान्य करतो. व्हायोलिनची साथ कशी असावी हे ऐकायचं तर किशोरीताई आमोणकरांच्या मैफलींची मुद्रणं काढा, ज्यांत मिलिंद रायकर बसलेले आहेत. ते ताईंकडेच शिकले होते. ताई एखादा स्वर अर्धवट सोडतात, आणि गज तो पुरा करण्याचा मोह टाळून शेजारी थांबतो.

पाश्चात्त्य शास्त्रीय डोक्यावरून जातं. कुठून सुरुवात करू?

सिम्फनीपासून करू नका. शंभर वाद्यांत कान हरवतो. एकट्या व्हायोलिनपासून करा.

जर्मन संगीतकार बाखने 1720 साली स्वतःच्या हाताने नीट लिहून काढलेली सहा रचनांची एक वही आहे, तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा. साथीला कुणी नाही. त्यातल्या डी मायनर पार्टिटाच्या शेवटी शाकोन नावाचा भाग येतो. साधारण पंधरा मिनिटांचा. त्याची बांधणी आपल्या श्रोत्याला आयती ओळखीची आहे. चार मात्राखंडांचा एक आराखडा पुन्हा पुन्हा फिरतो आणि प्रत्येक फेरीत वर काहीतरी नवं घडतं. ज्याला आवर्तन मोजायची सवय आहे त्याने सुरुवातीलाच ती फेरी पकडावी, पुढे रस्ता चुकत नाही. मध्यावर मायनरमधून मेजर येतं, म्हणजे कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार आला असं समजा. तिथे खोलीतला प्रकाश बदलतो. मग परत मायनर.

बाखची पहिली बायको त्याच वर्षी वारली आणि हा भाग तिच्यासाठी लिहिला, अशी गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेल. तिचं निधन खरं, बाकीच्याला पुरावा नाही. गोष्टीशिवायही शाकोन पुरेसं आहे. वादक म्हणून आर्थर ग्र्युमिओ किंवा नेथन मिल्स्टाइन घ्या. ग्र्युमिओचा गज स्वच्छ, मिल्स्टाइनचा गज बोलका.

त्यानंतर कॉन्चेर्टो. मेंडेल्सन आधी, कारण त्यात व्हायोलिन जवळजवळ लगेच बोलायला लागतं. बेथोव्हेनच्या 1806 सालच्या कॉन्चेर्टोत नगाऱ्यासारख्या टिंपनीवर चार ठोके पडतात, मग वाद्यवृंद तीनेक मिनिटं आपलं म्हणणं मांडतो, आणि तोवर मुख्य वादक हातात व्हायोलिन घेऊन नुसता उभा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलंय. ही रचना सुरुवातीला फारशी चालली नाही. 1844 साली बारा वर्षांच्या जोझेफ योआखिमने लंडनमध्ये मेंडेल्सनच्या संचालनाखाली ती वाजवली तेव्हा तिचे दिवस फिरले. पुढे ब्राम्सने आपला कॉन्चेर्टो याच योआखिमसाठी लिहिला. सिबेलियसचा कॉन्चेर्टो शेवटी ठेवा. तो हिवाळ्यात ऐकायचा.

मुंबईकरांना हे प्रत्यक्ष ऐकता येतं. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, आणि 2006 पासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे.

गजाकडे बघा म्हणता, पण बघायचं काय?

तीन गोष्टी. गज किती वेगाने चाललाय, किती दाबलाय, आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीच्या, किती जवळ आहे. गजाला घोड्याचे दीडशे-दोनशे केस असतात, त्यांवर रोझिन (चिकट राळ) घासलेलं असतं. केस तारेला चिकटून ओढतात, तार निसटते, पुन्हा चिकटते. ‘ए’च्या तारेवर हे सेकंदाला 440 वेळा होतं. वेग, दाब आणि जागा यांचा मेळ बसला तर सूर, नाही बसला तर करवत. नवशिक्याचं व्हायोलिन किंचाळतं ते यामुळे. ब्रिजजवळ गेलात तर दाब वाढवावा लागतो, दूर गेलात तर कमी.

आणि हा सगळा मेळ खांदा, कोपर, मनगट सैल असतील तरच जमतो. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन 1952 साली भारतात आले तेव्हा त्यांचं शरीर अवघडलेलं होतं. मुंबईत त्यांची पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी गाठ पडली. पुढे मेन्युहिननी त्यांना एक घड्याळ भेट दिलं, त्यावर कोरलं होतं, ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला’. अय्यंगार व्हायोलिन वाजवत नव्हते.

स्ट्रॅडिव्हेरियसचा आवाज खरंच इतका वेगळा असतो का?

ही व्हायोलिनं घडवणारे इटलीतल्या क्रेमोनाचे अंतोनिओ स्ट्राडिव्हारी 1737 साली वारले, त्यांची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं शिल्लक आहेत आणि किमती ऐकून घेरी येते. पण 2010 मध्ये इंडियानापोलिसला 21 वादकांना अंधारलेल्या खोलीत, वाद्य दिसू नये असे चष्मे लावून जुनी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांनी नवं पसंत केलं. सर्वांत नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅड. मला यात आश्चर्य वाटत नाही. सारं लक्ष व्हायोलिनच्या लाकडावर, गजावर कुणाचंच नाही.

मुलीला क्लास लावायचाय. काय सांगाल?

वाद्याचं माप शिक्षकाला घेऊ द्या. पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशी मापं मिळतात (अर्धं म्हणजे लांबीने निम्मं नव्हे, थोडंच लहान). ‘मोठी होईल’ म्हणून मोठं घेऊ नका, हात अवघडतो आणि मग सुटत नाही. हिंदुस्थानी की पाश्चात्त्य हे आधी ठरवा, कारण बैठक वेगळी, तारा लावणं वेगळं. फार स्वस्तातलं खेळणं घेतलंत तर खुंट्या घसरतात आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात आणि गजाचे केस दमटपणाने सैल होतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. वाजवून झाल्यावर गज दर वेळी सैल करा, तारांवरची रोझिनची पूड सुक्या फडक्याने पुसा. आणि केसांना बोट लावू नका. पाहुणे हमखास लावतात.

पहिलं वर्षभर शेजाऱ्यांना लाडू पाठवत राहा.

घरचे कंटाळत नाहीत का?

बायकोचं म्हणणं, शाकोन ठीक आहे पण रविवारी सकाळी नको. रविवारी सकाळी म्हणून दातार.

मैफलीत कुठे बसावं?

भारतीय बैठकीत वादकाच्या उजव्या बाजूला, म्हणजे तुमच्या डाव्या हाताला. तिथून गजाचा हात पूर्ण दिसतो. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला गेलात आणि व्हायोलिन असेल तर भारतीय बैठकीवर त्याच अंगाला जागा धरा, मात्र लवकर जा. स्पीकरच्या तोंडासमोर बसू नका, व्हायोलिनचा वरचा सूर तिथे टोचतो. आणि वादक खुंट्या पिळून तारा लावत असेल तेव्हा बोलू नका. एका कार्यक्रमात शेजारचे गृहस्थ सगळं जुळवणं होईपर्यंत समोशांबद्दल बोलत होते आणि राग सुरू झाल्यावर मला विचारू लागले, ‘हा कोणता?’ मी सांगितलं, मारवा, संध्याकाळचा राग. ते म्हणाले, ‘बरं, मग अजून वेळ आहे,’ आणि उठून चहाला गेले.